टाचेपाशी तुटलेलं वाक्य

शनिवारी दुपारी वर्कशॉप बंद झालं
की मी बिलबुकं कपाटात टाकते,
बोटांवरची कार्बनची निळाई साबणानं अर्धीच जाते,
तशीच येऊन सुभाषनगरच्या समाजमंदिराचं कुलूप काढते.
किल्ली माझ्याकडे. झाडूही माझ्याकडेच.
अकरा पोरं. कधी सात.
कुठं कुस्त्यांचं मैदान असलं तर दोनच,
आणि त्यातली एक माझी भाची.

पहिल्या दिवशी म्हटलं, काहीही लिहा.
सगळ्यांनी 'माझी आई' लिहिलं.
अकरा आया पहाटे लवकर उठल्या,
अकरा आयांनी दारात सडा घातला,
अकरा आया 'मला खूप खूप आवडतात'.
खरं तर ऋग्वेदाची आई सीपीआरला रात्रपाळी करून
सकाळी आठला झोपते, उशीखाली मोबाईल दाबून.
हे वहीत चालतं
असं पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग म्हटलं, बरं, आता खोटं लिहा.
वर्ग गार.
"खोटं? वहीत?"
"वहीत."
"मार्क किती हाईत, बाई?"
"शून्य. सगळ्यांना."
तेव्हा कुठं हसली.

मुबीनानं लिहिलं:
गंगावेशीत धारेला उभी म्हैस म्हणाली,
ग्लास घेऊन रांगेत थांबलाय खरं,
पण आज द्यायचंय का, हे मला कुणी विचारलं?
ऋग्वेदानं लिहिलं:
पुराच्या पाण्याला भिंतीवरची आपली जुनी खूण सापडेना,
म्हणून ते घरोघर विचारत फिरलं,
आणि लोकांना वाटलं, पूर आला.
यावर मी काही बोलले नाही.
खिडकीपाशी जाऊन उगाच फळी नीट केली.

सुमेध शिंगे मात्र चार शनिवार
नुसते पाय काढत होता.
डावा, उजवा. अंगठ्याचा बाक. टाचेचा गोल.
विचारलं तर म्हणे, "मला लिव्हायला येत न्हाई,
मापं येत्यात."
पाचव्या शनिवारी त्यानं पिशवी उलटी केली.
घरातले पॅटर्न: वर्तमानपत्रातून कापलेले तळवे,
सात नंबर, नऊ नंबर, एक अगदी बाळाचा.
प्रत्येकावर बातमी,
आणि प्रत्येक बातमी टाचेपाशी कापलेली.
नऊ नंबरावर होतं,
'उसात बिबट्या दिसल्याने घबराट, वनविभागाने तातडीनं'
पुढं कात्री.

"हे सगळं वाचलंस?"
"दोनदोनदा. पण फुडं काय झालं, कुठंच न्हाई."
"मग कुणाला ठाऊक?"
त्यानं माझ्याकडे बघितलं,
जसं चामडं उन्हाकडे धरून बघतात.
खाली बसला.
शाईचं बोट कागदावर उठेपर्यंत लिहीत राहिला:

वनविभागानं तातडीनं बिबट्याला चप्पल दिली.
करकर वाजणारी. आता तो कुठं आहे
हे उसाला आधीच कळतं.
शिकार सापडेना म्हणून तो कांडं चघळायला शिकला,
दात किडले, आणि एक दिवस
डॉक्टरच्या दारात सगळ्यांच्या चपला होत्या
त्यात त्यानं पण काढली.

त्यानंतर पॅटर्नांवरून मारामारी.
ज्याच्या हाती सात नंबर, त्याला अर्धा क्रिकेटचा सामना,
बाळाच्या पावलावर फक्त 'हरवला आहे' एवढंच,
ते तिघांना हवं होतं.
वाचनाचं महत्त्व यावर मी दोन पानं तयारी करून आले होते.
त्यांचं पुढं काय झालं, आठवत नाही.

साडेपाचला शिंगे दारात.
"बाई, पॅटर्न द्या, गिऱ्हाईक खोळंबलंय."
मी नऊ नंबर दिला, आणि बरोबर वहीचं पान.
चपला बाहेर काढून ते उंबऱ्यातच उभे राहिले.
वाचायला वेळ लागला.
आरीनं जाड झालेलं बोट ओळीखालून,
एकेक अक्षर टाका घातल्यासारखं.
सुमेध भिंतीला पाठ लावून, कान लाल.

शेवटी पान उलटं करून बघितलं, मागं कोरं.
"मग किती जोड लागले?"
"दोन. चार पाय असत्यात, दादा."
शिंगे जरा थांबले.
"ॲडव्हान्स घ्यायचा हुतास की रं."